शटरखालचं रबर दोन पावसाळ्यांतच का कुजतं?

चटणीवाली_विश्रामबाग, १८ मे

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, आधीच सांगते.

घर सांगलीत, विश्रामबागेत. खाली गॅरेज, त्याला पत्र्याचं गुंडाळी शटर, रुंदी दहा फूट. तोंड नैऋत्येला. मे महिन्यात दुपारी शटरला हात लावला तर चटका बसतो आणि जून लागला की पावसाची झड नेमकी तिकडूनच येते. पुढच्या अर्ध्या भागात आमच्या ह्यांची जुनी मारुती आठशे उभी असते, मागच्या अर्ध्यात माझा कारखाना. कारखाना म्हणजे काय, तर उन्हाळ्यात डंकावरून कुटून आणलेला कांदा-लसूण मसाला, मिरच्यांची पोती, थोडे तासगावचे बेदाणे. सगळं फळ्यांवर उचलून ठेवलेलं आहे, पण ओल हवेतूनही लागते. आणि उंदराला फळी म्हणजे जिना.

तीन वर्षांपूर्वी शटर दुरुस्त करणाऱ्याने खालच्या अँगलला काळी सपाट रबरी पट्टी स्क्रूने मारून दिली. पहिला पावसाळा झकास गेला. दुसऱ्या पावसाळ्यात पाणी यायला लागलं. आता अवस्था अशी: मधल्या भागात रबराला आडव्या भेगा पडल्यात, अंगठ्याने दुमडलं की तुकडा मोडतो. दोन्ही टोकांना मात्र उलटंच. तिथे रबर फुगलंय, भिजवलेल्या खजुरासारखं मऊ आणि चिकट झालंय, बोटाला काळं लागतं. शिवाय पट्टी आखडून दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच आत सरकली आहे. त्या कोपऱ्यातूनच उंदीर येतो, लेंड्या पाहून सांगते.

त्याआधी आमच्या ह्यांनी सायकलची ट्यूब उभी चिरून लावली होती. एप्रिलमध्ये ती फरशीला अशी चिकटली की शटर उचललं तेव्हा निम्मी ट्यूब खालीच राहिली. त्या शोधाबद्दल घरात आता कुणी बोलत नाही.

दोघांना बोलावून दाखवलं. एक म्हणाला आख्खं शटर बदला. दुसरा म्हणाला डबल रबर मारतो, काळजी सोडा. मला दोघांवरही विश्वास बसेना. एकच पट्टी मध्ये कडक आणि टोकाला मऊ कशी होते? आणि नवी घ्यायची तर कुठली? पाऊस यायला तीन आठवडे आहेत.

रिकामटेकडा_मिरज, १८ मे

मावशी, आमच्याकडं युरियाच्या रिकाम्या पोत्यात वाळू भरून शटरच्या तोंडाशी आडवं टाकतो. खर्च शून्य. फक्त सकाळी गाडी काढताना पोत्याची आठवण ठेवायची. मागच्या वर्षी दोनदा विसरलो.

चटणीवाली_विश्रामबाग, १८ मे

पोतं टाकून झालंय रे बाबा. उंदराने पोतं फाडलं, वाळू आत आणि उंदीरही आत.

एसटी_कार्यशाळा_निवृत्त, १९ मे

ताई, मी साताऱ्याचा, गोडोलीत राहतो. एसटीच्या कार्यशाळेत बॉडी विभागात नोकरी गेली. शटर हा माझा धंदा नाही, पण गाड्यांच्या काचांची आणि दारांची रबरं बसवण्यात आणि काढण्यात हात झिजलेत. म्हणून रबराबद्दल बोलतो, शटरबद्दल जाणकार बोलतील.

तुमचं "टोकं मऊ, मध्य कडक" वाचलं आणि हातातला चहा खाली ठेवला. ताई, पावसाळ्याच्या तोंडावर शटरच्या दोन्ही बाजूंच्या गाईडमध्ये, म्हणजे ज्या उभ्या खाचांतून शटर वर-खाली सरकतं त्यांत, कुणीतरी जळकं ऑईल सोडतं का? शटर हलकं चालावं म्हणून? ते ऑईल गाईडमधून ओघळून बरोबर पट्टीच्या दोन टोकांवर उतरतं. साधं रबर तेल पितं, फुगतं आणि मग त्याची लापशी होते. म्हणजे तुमच्या पट्टीला दोन वेगळे रोग झालेत. टोकांना तेल, मध्याला ऊन.

मध्याच्या भेगा आडव्या आहेत असं तुम्ही लिहिलंत. ते फार बरं केलंत, कारण त्यातून आणखी एक चोर सापडतो. रबर ताणून बसवलं आणि मग उन्हावाऱ्यात ठेवलं की हवेतला ओझोन त्याला ताणाच्या बरोबर काटकोनात चिरतो. पट्टी लांबीत ओढली असेल तर भेगा आडव्याच येणार. बसवणाऱ्याने एका टोकाला स्क्रू मारला, पट्टी खेचून सरळ केली, मग दुसऱ्या टोकाला मारला. दिसायला छान दिसतं. पण ताणलेलं रबर आखडायला बघत असतं, म्हणून टोकंही आत सरकली. आमच्याकडे नवीन पोरगा दाराचं रबर असं ओढून लावायला लागला की फोरमन मागून टपली मारायचा. रबर ओढायचं नाही, भरायचं. दहा फुटांच्या जागेत दहा फूट दोन इंच गेलं पाहिजे.

आता कुठलं घ्यायचं. दुकानात नुसतं "रबर पट्टी" म्हणू नका, ईपीडीएम मागा, तो कृत्रिम रबराचा एक प्रकार आहे. मोटारीच्या दारांना जे मऊ बीडिंग असतं ते बहुतेक त्याचंच. ऊन, पाऊस, ओझोन यांना ते पुरून उरतं. एकच वैरी, तेल आणि पेट्रोल. तेलाला टिकणारं नायट्राईल मिळतं, पण ते उन्हात तग धरत नाही. निओप्रीन दोन्हींच्या मधलं. तुमच्या नैऋत्येच्या उन्हाला ईपीडीएमच लावा आणि ऑईल बंद करा. पीव्हीसीची पट्टी स्वस्त मिळेल, पण ती थंडीत कडक होते आणि काही वर्षांनी तशीच राहते.

सपाट पट्टीही नको. पोकळ नळीसारखं पोट आणि वर शेपटी असा आकार येतो, तो घ्या. शेपटी अडकवायला ॲल्युमिनियमचं चॅनेल लागतं, खिडक्यांचे सेक्शन विकणाऱ्याकडे विचारा. चॅनेल एकदा शटरच्या अँगलला रिव्हेट केलं की पुढच्या वेळी नुसतं रबर ओढून बदलता येतं, स्क्रूंची भानगड नाही. रबर सरकवताना अडणार. तेव्हा भांड्यांच्या साबणाचं पाणी लावायचं. तेल नाही, ग्रीस नाही, खोबरेलसुद्धा नाही. एसटीची पुढची काच बसवताना आम्ही रबराच्या खाचेत दोरी घालायचो, सगळीकडे साबणाचं पाणी, आणि एक जण बाहेरून काच दाबतोय तोवर दुसरा आतून दोरी ओढत जाणार. दोरी निघेल तसा रबराचा ओठ पत्र्यावर चढत येतो, चकलीच्या सोऱ्यातून चकली यावी तसा. तुमचं काम त्याच्या पावपट आहे. दोन्हीकडे एकेक इंच रबर जास्त ठेवा, रात्रभर तसंच राहू द्या, सकाळी कापा. मग चॅनेलची दोन्ही तोंडं पक्कडीने किंचित चेपा, म्हणजे रबर सरकणार नाही.

नंतरची निगा सोपी. वर्षातून दोनदा साबणाच्या पाण्याने पुसायचं, वाळलं की सिलिकॉन स्प्रे फडक्यावर घेऊन फिरवायचा. तुमची ट्यूब फरशीला चिकटली तशी ही चिकटणार नाही. गाईड कोरड्या फडक्याने पुसा, तिथेही सिलिकॉनच. जळक्या ऑईलवर धूळ बसून त्याचं कानस होतं, गाईड उलट जास्त झिजतं.

पण हे सगळं करण्याआधी एक काम. भर दुपारी शटर पूर्ण बंद करून आत दिवे न लावता पाच मिनिटं बसा. डोळे सरावले की उजेड कुठून येतो ते पाहा, खडूने खुणा करा. मग पट्टीने फट मोजा, पाच ठिकाणी. आकडे इथे टाका. फट मोजल्याशिवाय रबर घेणं म्हणजे पाय न मोजता चप्पल घेणं.

चटणीवाली_विश्रामबाग, २० मे

काका, तुम्ही आमच्या घरात कॅमेरा लावलाय का? ह्यांना विचारलं, "गाईडमध्ये ऑईल सोडता का?" तर पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "दर मेमध्ये, न चुकता." अभिमानाने म्हणाले.

दुपारी आत बसले. मिरचीच्या पोत्यांजवळ पाच मिनिटं म्हणजे पंधरा शिंका, पण उजेड लखलखीत दिसला. आधी माझ्या पद्धतीने मोजलं. डाव्या टोकाला मिरचीचं देठ जेमतेम जातं, मध्ये शेंगदाणा, उजव्या टोकाला लसणाची अख्खी पाकळी आडवी सरकते. मग नातवाची पट्टी घेतली. डावीकडून उजवीकडे, जुनं रबर काढून: ३, ४, ९, १५, २१ मिलिमीटर. आता पोटाचं रबर केवढं घेऊ? पंचवीसचं घेतलं तर २१ची फट बुजेल ना?

कुपवाडचा_शटरवाला, २० मे

मावशी थांबा, पंचवीसचं घिऊ नका. डावीकडं तीन मिलिमीटर जागा हाय तिथं पंचवीसचं रबर कुठं जाणार? शटरच वर उचलून धरंल. आणि मग खालच्या कुलपाचा हूक जमिनीतल्या कडीत बसायचा न्हाई. आमच्याकडं निम्मी गिऱ्हाइकं ह्याच तक्रारीनं येत्यात. "रबर लावलं आणि कुलूप लागंना." मग त्ये दोन-चार दिवस शटरवर उभं राहून कुलूप लावत्यात, आणि शेवटी रबर कापून टाकत्यात.

रबर ऱ्हाऊ द्या बाजूला. आधी फरशी वाकडी हाय का शटर वाकडं हाय त्ये बघा. प्लॅस्टिकची पारदर्शक नळी घ्या, पाणी भरा, बुडबुडा ऱ्हाता कामा नये. दोन टोकं दोन बाजूच्या भिंतीला धरा, पाणी जिथं थांबंल तिथं पेन्सिलनं खूण. त्या खुणंपासून खाली अँगलपर्यंत दोन्हीकडं मोजा, मग तसंच फरशीपर्यंत मोजा. अँगल सारखा आला तर दोष कोब्याचा. अँगलच तिरका आला तर गाडीनं कवा ठोकलाय का विचारा मालकास्नी. आणि एक हात जोडून सांगतो, वरचा ड्रम आणि स्प्रिंग सोता उघडू नका. स्प्रिंग ताणात असती. बोटं जात्यात.

चटणीवाली_विश्रामबाग, २२ मे

नळीचं काम नातवाला फार आवडलं, त्याने दोनदा केलं. अँगल दोन्हीकडे सारखा आहे, दोन मिलिमीटरचाच फरक. फरशी उजवीकडे खचली आहे. आठवलं, पाच-सहा वर्षांपूर्वी नळाच्या कनेक्शनसाठी तिथेच उकरलं होतं आणि घाईने बुजवलं. पाणी तिथून आत येतं ते उगाच नाही, बाहेरच्या रस्त्यावरचं तिथेच गोळा होतं.

एसटी_कार्यशाळा_निवृत्त, २२ मे

मग ताई, तुमचं दुखणं फरशीचं आहे. रबर पाच-सात मिलिमीटरचा फरक पोटात घालतं, अठराचा नाही. ते ओझं रबरावर टाकलं की ते एका बाजूला चिरडतं आणि दुसऱ्या बाजूला लोंबतं. तुमचा "डबल रबर" म्हणणारा तेच करणार होता.

गवंड्याला सांगा, नुसता सिमेंटचा हात मारू नकोस. पातळ थर जुन्या कोब्याला धरत नाही, टायर दोनदा गेला की पापड निघावा तसा निघतो. शटरच्या रेषेत वीतभर रुंदीचा पट्टा उजवीकडे खरवडून घ्यायचा. जिथे थर शून्यावर येणार तिथे ग्राइंडरने काप मारून कड उभी करायची, म्हणजे भरलेल्या मालाला टेकायला जागा राहते. मग धूळ झाडून, ओलं करून, न आखडणारं ग्राऊट, म्हणजे वाळताना न आकसणारा सिमेंटचा माल, भरायचं. पट्ट्याचा उतार बाहेरच्या बाजूला, आत नको. खालची माती पोकळ वाजली तर मात्र आधी ती ठोकून घ्या, नाहीतर पुन्हा खचणार.

कोबा वाळल्यावर परत मोजा. फट सगळीकडे पाचच्या आत आली की दहा-बारा मिलिमीटरच्या पोटाचं रबर बास. शटर टेकल्यावर पोट निम्मं दबलं पाहिजे. वर्तमानपत्राची पट्टी खाली ठेवून शटर बंद करा आणि ओढा. अडत-अडत आली तर बरोबर. सुळकन आली तर फट आहे, फाटली तर जास्त दाबलंय.

एक राहिलं. गॅरेज असं बंदिस्त केलं की आत गाडी चालू ठेवायची नाही, एक मिनिटही. धुरातल्या कार्बन मोनॉक्साईडला वास नाही, रंग नाही. शटरच्या फटी होत्या तोवर हवा खेळत होती. भिंतीत खाली एक आणि वर एक झरोका ठेवा, बारीक जाळी मारून. मसाल्यालाही वारं लागतंच.

जुना_गावभाग, २३ मे

चर्चा छान चाललीय, पण गावभागातला माणूस म्हणून दोन शब्द. हे रबर पावसाच्या झडीसाठी आहे, पुरासाठी नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, धोक्याची पातळी ४५. आमच्या दुकानाच्या शटरला मी त्याच वर्षी नवं रबर लावलं होतं, वर चिकणमातीही थापली होती. पाणी खालून आलंच, मोरीतूनही आलं. बाहेर कमरेएवढं पाणी आणि आत कोरडं असं थोडा वेळ झालं तेव्हा शटरच्या पट्ट्या पोटासारख्या आत फुगल्या. शेवटी गाईडमधून निसटल्या. पाणी आत येऊ दिलं असतं तर शटर तरी वाचलं असतं. विश्रामबाग उंचावर आहे म्हणा. पण इशारा आला की मसाला वरच्या मजल्यावर हलवायचा, रबराकडे बघत बसायचं नाही.

पूर ओसरल्यावर चॅनेलमधला गाळ लगेच धुवायचा, हेही शिकलो. वाळला की दगड होतो, मग रबर ओढून निघत नाही.

चटणीवाली_विश्रामबाग, २३ मे

इंजिनाचं ह्यांना वाचून दाखवलं. दर रविवारी शटर अर्धं पाडून दहा मिनिटं गाडी "गरम" करायची सवय आहे त्यांना, आत मी मसाला चाळत असते. पेपर खाली ठेवला एकदाचा.

चटणीवाली_विश्रामबाग, २१ जून

मंडळी, अहवाल.

गवंडी दोन दिवस आला. माती खरंच पोकळ निघाली, घमेल्यात दोन विटांचे तुकडे आणि एक प्लॅस्टिकची बाटली सापडली. ठोकून, ग्राऊट भरून, आठवडाभर गाडी बाहेर ठेवली. त्यानंतर फट ३, ३, ४, ४, ५. गणपती पेठेत दोन दुकानं फिरल्यावर ईपीडीएम मिळालं, बारा मिलिमीटर पोटाचं. पहिला दुकानदार म्हणाला, "सगळं रबर एकच असतं वहिनी." त्याला नमस्कार केला. चॅनेल शटरवाल्या भाऊंच्या ओळखीच्या पोराने रिव्हेट करून दिलं, रबर मात्र मी आणि नातवाने सरकवलं. साबणाचं पाणी लावल्यावर पहिले सहा फूट लोण्यासारखं गेलं, पुढे अडलं. ओढायचा मोह झाला, काकांची टपली आठवली, परत काढून पुन्हा पाणी लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिलं तर बाहेर राहिलेला एका बाजूचा इंच अर्ध्यावर आला होता. रात्रीच कापलं असतं तर उंदराला पुन्हा दार उघडं.

कुलूप लागतं. ह्यांनी स्वतः तीनदा लावून पाहिलं.

काल रात्री पहिली खरी झड आली, नैऋत्येकडूनच. सव्वा बारा वाजता टॉर्च घेऊन खाली गेले. खालची रेघ कोरडी, हात फिरवून पाहिला. पण डाव्या गाईडच्या आतल्या बाजूने भिंतीवरून पाणी ओघळत होतं, बोटभर रुंद रेघ, पोत्यांपासून दोन फुटांवर थांबली. खालचं बंद झाल्यावर बाजूचं दिसलं. गाईडला आतून काय लावतात?

कुपवाडचा_शटरवाला, २१ जून

मावशी, गाईड आणि भिंतीच्या मधला सिमेंटचा सांधा सुटला आसंल. बाहेरनं बघा, केसासारखी चीर दिसंल. ती कोरडी झाल्यावर बाहेरनं सिलिकॉन भरा, आतनं न्हाई, आतनं भरलं तर पाणी भिंतीतच कोंडतं. आणि गाईडच्या ओठाला नायलॉनचा ब्रश लावत्यात, पट्टीत बसवल्याला मिळतो, वारं आन् धूळ अडवाय बरा हाय. पण त्ये आता भर पावसात करू नका. चार दिवस उघडीप मिळाली की फोटू टाका.

रिकामटेकडा_मिरज, २१ जून

आणि उंदीर?

चटणीवाली_विश्रामबाग, २२ जून

एक आतच राहिलाय. पिंजरा लावलाय, भजी ठेवलीय.